शाळा सोडण्याचे कारण

जानेवारीत धुळ्याला थंडी अशी पडते
की शिक्क्याची शाईसुद्धा उशिरा उठते.
मी पॅडवर तोंडाची वाफ सोडत होतो
तेव्हा खिडकीच्या जाळीशी ती आली,
अकरावी ब, सोलेन ल गॉफ.
वर्गात सगळे सोनल म्हणतात.

वर्षभरासाठी आलेली. कापडवाल्या ललवाणींकडे राहते.
जनरल रजिस्टरात तिचं नाव मीच चढवलं,
जातीच्या रकान्यात आडवी रेघ ओढली,
पट्टी लावून, सरळ.
तीस वर्षांत तेवढी एकच रेघ.

आता तिला अर्ज करायचेत,
घरी फ्रान्सात नाही, एडिंबरोला, मॉन्ट्रियलला,
पाण्याचं शास्त्र शिकायला.
म्हणाली, सर, माझे मार्क तिकडे कमी दिसतात.
पाहिलं. वीसपैकी चौदा.
मनातल्या मनात पाचनं गुणलं.
आमच्याकडे सत्तरला पेढे नसतात,
सत्तरला मामा विचारतो, आयटीआय बघायचा का?
ती म्हणाली, आमच्याकडे वीस कुणालाच देत नाहीत,
अठरा दिले तर मास्तर स्वतःच दचकतो.

मग तिच्या तिकडच्या बाईंचं शिफारसपत्र.
ओळीवर बोट ठेवून तिनं मराठी केलं:
मुलगी गंभीर आहे. काम करते.
एवढंच?
एवढंच. आमच्याकडे हे खूप असतं.

मला हसू आलं नाही.
मीही दाखल्यांवर लिहीत आलोय,
वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक.
देवपूरच्या त्या पोरालाही, ज्यानं
प्रयोगशाळेची आग ओल्या पोत्यानं विझवली,
आणि त्यालाही, ज्यानं ती लावली.

अर्जात शेवटचा प्रश्न: घरापासून दूर का जायचंय?
सहाशे शब्द.
तुम्ही काय लिहिता सर, पोरं जातात तेव्हा?

मी जुनं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.
शाळा सोडण्याचे कारण.
पुढील शिक्षणासाठी. पुढील शिक्षणासाठी.
वडिलांची बदली. पुढील शिक्षणासाठी.
मध्येच, वनिता धुडकू अहिरे, नववी क: विवाह.
अक्षर माझंच.
तिचं बोट तिथं थांबलं. अर्थ विचारला नाही,
किंवा तिला येत असावा.

दगाआप्पा चहा घेऊन आला.
काय म्हनी राह्यनी ती पोर?
म्हटलं, तिले जानं शे, पन का जानं शे
ते लिखता यी नही राह्यनं.
आप्पानं कप ठेवला, बशी नीट केली.
मंग आठे का बरं उनी, ते लिख म्हना.

मी सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली.
खिडकीतल्या फळीवर वही ठेवून
उभ्यानंच लिहीत राहिली. मागे फीची रांग वाढली.
मला वाचून दाखवलं ते थोडंच:
आमच्या गावचा समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो
आणि दोनदा परत येतो, म्हणून कुणी बघत नाही.
इथं पांझरा महिनोनमहिने नसते,
तरी पुलावरून जाणारा प्रत्येक जण
एकदा मान वळवून खाली बघतो.

मी पण बघतो. सायकलवरून, रोज.
हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या बोनाफाइडवर मी एक वाक्य जास्तीचं टाइप केलं:
ही मुलगी थांबून बघते.
मुख्याध्यापक म्हणाले, भदाणे, हे काय नवीन?
पण सही केली, सुट्टीची वेळ झाली होती.

जूनमध्ये तिचा दाखला निघेल.
कारणाचा रकाना कोरा ठेवा म्हणाली,
तो मी भरणार.
नियमात बसत नाही.
पेन्सिलीनं, अगदी बारीक,
खूण करून ठेवली आहे.